पाइप दोन इंची, मग व्हॉल्व्ह एक इंची कसा? कोकणातल्या थंड-गरम पाण्याच्या लायनींसाठी कंट्रोल व्हॉल्व्ह निवडताना

"पायप दोन इंची, मगे वॉल एक इंची कित्याक?"

कुडाळकडचा आमचा फिटर दर नव्या साइटवर हे विचारतो. डोळ्याला ते विचित्र दिसतं खरं. दोन इंची लाइन येते, रिड्यूसर लागतो, मध्ये एवढासा व्हॉल्व्ह, पुन्हा रिड्यूसर, पुन्हा दोन इंची. हॉटेलचा मालक बघायला आला की त्यालाही वाटतं, कुणीतरी पैसे वाचवले.

मी रत्नागिरीत राहतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हॉटेलं, इस्पितळं, मासळीचे आणि आंब्याचे कारखाने इथल्या चिल्ड वॉटर (एसीसाठी चिलर यंत्रात थंड केलेलं पाणी) आणि हॉट वॉटरच्या लायनी चालू करून द्यायच्या, बिघडल्या तर बघायच्या, हा माझा धंदा. "हॉल कधी गारठतो, कधी उकडतो" अशी तक्रार आली की लोक आधी चिलरकडे बोट दाखवतात. चिलर क्वचित दोषी निघतो. बहुतेक वेळा पाइपाच्या मापाचा भलामोठा कंट्रोल व्हॉल्व्ह दहा-पंधरा टक्क्यांवर उघडझाप करत बसलेला असतो.

पाणी तोडायला जो व्हॉल्व्ह लावायचा, बटरफ्लाय असो, बॉल असो की गेट, तो पाइपाच्या मापाचाच घ्या. कंट्रोल व्हॉल्व्हने पाणी मोजून सोडायचं असतं. मोजायचं तर त्याने दाब खाल्ला पाहिजे, आणि किती दाब खायचा यावरून त्याचं माप ठरतं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

आधी पाणी किती ते काढा

कॉइल म्हणजे ज्या नळ्यांच्या जाळीतून हे पाणी फिरून हवा गार करतं ती. तिचा लोड, म्हणजे तिने किती उष्णता काढायची ते, किलोवॉटमध्ये घ्या, ०.८६ ने गुणा, पाणी येतानाच्या आणि जातानाच्या तापमानातल्या फरकाने भागा. उत्तर तासाला घनमीटरमध्ये मिळतं. आपल्याकडे सगळे टनात बोलतात. १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट. ७ अंशांनी गेलेलं पाणी साडेबारा अंशांनी परत येणार असेल तर टनामागे तासाला साधारण ०.५५ घनमीटर पाणी लागतं. जुने लोक टनाला २.४ जीपीएम (मिनिटाला अमेरिकन गॅलन) म्हणतात ते हेच.

आकडा कॉइलच्या डेटाशीटवरून घ्या, चिलरच्या पाटीवरून नको. लोड काढणारा दहा टक्के जास्त धरतो, कॉइल निवडणारा पुढचं माप घेतो, पंपवाला आपले दहा टक्के घालतो. त्यावर व्हॉल्व्हवाल्यानेही हात सैल सोडला की संपलंच. एसीच्या कामात "थोडा मोठा असलेला बरा" हे वाक्य कंट्रोल व्हॉल्व्हइतकं महाग दुसरीकडे कुठे पडत नाही.

मग केव्ही

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्याच्यावर १ बार दाब पडला तर तासाला जितके घनमीटर पाणी जाईल, तो त्याचा केव्हीएस. पूर्ण उघडा नसताना किंवा नुसत्या हिशोबात तोच आकडा म्हणजे केव्ही. कॅटलॉगमध्ये छापलेला असतो. हिशोब एवढाच: प्रवाह = केव्ही × √दाबातला फरक, फरक बारमध्ये. आपल्या गेजवर किलो (चौरस सेंटीमीटरला) असतो. या हिशोबात किलो आणि बार सारखे धरले तरी बिघडत नाही. अमेरिकन कॅटलॉग हाती आलं तर त्यात सीव्ही असतो, त्याला ०.८६५ ने गुणलं की केव्ही. (वरच्या ०.८६ शी याचं काही नातं नाही, आकडे योगायोगाने जुळले आहेत. नवी पोरं यात हमखास गोंधळतात.)

आता खरा हिशोब करू. समजा मालवणकडच्या एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलचा एएचयू (कॉइल आणि पंखा असलेली, हवा गार करणारी मोठी पेटी) आहे. १० टन, म्हणजे ३५ किलोवॉट. पाणी तासाला ५.४७ घनमीटर, लाइन दोन इंची, वेग सेकंदाला ०.७ मीटरच्या आसपास, सगळं ठीक. कॉइलमध्ये दाब पडतो २५ किलोपास्कल. स्ट्रेनर (गाळणी), शट-ऑफ (पाणी तोडायचा व्हॉल्व्ह) आणि फांदीचे पाइप मिळून आणखी १०. एकूण ३५.

व्हॉल्व्हने निदान एवढाच दाब स्वतःवर घ्यावा, असं धरून चाला. ३५ किलोपास्कल म्हणजे ०.३५ बार, त्याचं वर्गमूळ ०.५९. ५.४७ भागिले ०.५९, केव्ही आला ९.३ च्या जवळ. बाजारात केव्हीएस ४, ६.३, १०, १६, २५, ४० अशा पायऱ्यांनी मिळतात, म्हणून १० चा घेतला. त्यावर दाब पडेल ३० किलोपास्कल. केव्हीएस १० चा ग्लोब व्हॉल्व्ह (आतला प्लग वरखाली होऊन सीटवर मिटणारा) साधारणपणे एक इंची येतो. फिटरच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आता "पाइपाच्या मापाचा" दोन इंची लावून बघा. त्याचा केव्हीएस साधारण ४०. तेवढ्याच पाण्याला त्याच्यावर दाब पडतो दोन किलोपास्कलसुद्धा नाही. सर्किटच्या ३७ पैकी २, म्हणजे ५ टक्के. एक इंचीला ६५ पैकी ३०, म्हणजे ४६ टक्के. व्हॉल्व्हच्या या वाट्याला ऑथॉरिटी म्हणतात. ५० टक्क्यांच्या आसपास असावी, ३० च्या खाली जाऊ देऊ नये. सुपारीच्या बागेत पाटच पुढे अरुंद असेल तर आळ्याचं तोंड किती रुंद केलं याला अर्थ नसतो, तसंच हे आहे. अडवणूक कॉइलमध्ये होते आणि व्हॉल्व्ह नुसता तोंड हलवत राहतो.

याचा हॉलमध्ये परिणाम काय होतो ते जरा खोलात बघण्यासारखं आहे. कॉइल पाण्याच्या प्रमाणात थंडावा देत नाही. पाचवा हिस्सा पाणी गेलं तरी ती जवळपास निम्मा थंडावा देते, आणि निम्मं पाणी गेलं की पाऊण-ऐंशी टक्के. हे सरळ करण्यासाठी व्हॉल्व्ह इक्वल पर्सेंटेज जातीचा घेतात, म्हणजे सुरुवातीला हळूहळू आणि शेवटी झपाट्याने उघडणारा. आपला एक इंची व्हॉल्व्ह अर्धा उघडला की पाणी जातं सुमारे २० टक्के आणि कॉइल देते निम्मा थंडावा. अर्ध्या उघडीला अर्धं काम, कंट्रोलरला आणखी काय हवं? दोन इंचीचं मात्र तेच २० टक्के पाणी पाचवा हिस्सा उघडल्यावरच निघून जातं. अर्धा उघडला की ५४ टक्के पाणी आणि ऐंशीच्या घरात थंडावा. वरचा अर्धा स्ट्रोक जवळपास वाया. कंट्रोलर तळाच्या थोड्याशा जागेत इकडून तिकडे धावतो, गिअर झिजतो, आणि मॅनेजर म्हणतो सेन्सर खराब आहे.

हिशोबात एक खाच आहे, तीही सांगतो. वरचे ४६ टक्के खरे ठरतात ते लाइनच्या टोकाला, जिथे फांदीला ६५ किलोपास्कलच मिळतात. हाच एएचयू पंपाशेजारी असेल आणि तिथे १२० किलोपास्कल असतील, तर उरलेले ५५ बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब खाऊन प्रवाह बांधून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) गळ्यात बांधून मोकळं व्हायची पद्धत आहे. तसं केलं की ऑथॉरिटी १२० पैकी ३०, म्हणजे २५ टक्क्यांवर येते. त्याऐवजी तिथे ६.३ चा व्हॉल्व्ह घ्या. तो ७५ खातो, ऑथॉरिटी ६३ टक्के, बॅलन्सिंगला फक्त १० उरतात. एकाच हॉटेलात, एकाच मॉडेलच्या दोन एएचयूंना दोन वेगळे केव्हीएस, हे ऐकून खरेदी विभाग नाराज होतो. होऊ दे.

पावसाळा हा खरा परीक्षक

डिझाइन मे महिन्याच्या उन्हावर होतं. तेव्हा व्हॉल्व्ह नव्वद टक्के उघडा असतो आणि कुठलाही व्हॉल्व्ह चांगलाच वाटतो. कळतं ते जुलैत. बाहेर २६-२७ अंश, आर्द्रता नव्वदच्या घरात. खोलीचं तापमान पटकन जुळतं, व्हॉल्व्ह मिटत जातो, कॉइलचा पत्रा उबदार होतो आणि हवेतलं पाणी काढायचं थांबतं. पाहुणा म्हणतो, "एसी चालू आहे, पण चादर ओलसर लागते." कपाटातल्या चपलांना बुरशी येते ती याच दिवसांत.

म्हणून कोकणात व्हॉल्व्ह निवडताना विचारा, हा वीस टक्के लोडवर कसा वागेल? मोठा व्हॉल्व्ह तिथे स्थिर राहूच शकत नाही. बंद होतो, उघडतो, बंद होतो. बंद असताना पंखा चालू राहिला की कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत उडतं. खोल्यांच्या एफसीयूला (खोलीतल्या छोट्या पंखा-कॉइल पेटीला) साधा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह चालतो, मीही तोच लावतो, पण थर्मोस्टॅट असा घ्या की व्हॉल्व्ह मिटला की पंखाही थांबेल किंवा अगदी हळू होईल. जेवणाचा हॉल, लग्नाचा हॉल, ऑपरेशन थिएटर इथे मात्र मॉड्युलेटिंगच, म्हणजे हवा तेवढाच उघडणारा. थिएटरमध्ये आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची तर हवा आधी पुरती थंड करून मग रीहीट कॉइलने थोडी तापवावी लागते. म्हणजे एका एएचयूवर दोन व्हॉल्व्ह, आणि दोघेही नीट मापाचे. एक मोठा असला तर दोघे एकमेकांशी भांडतात आणि वीजबिल इस्पितळ भरतं.

जात कुठली

दोन इंचांपर्यंत ग्लोब घ्या, नाहीतर आत आकार दिलेली चकती असलेला कंट्रोल बॉल व्हॉल्व्ह. हा दुसरा स्वस्त पडतो, घट्ट मिटतो, आणि हल्ली मी तोच जास्त सुचवतो. साधा फुल-बोअर बॉल व्हॉल्व्ह मोटर लावून कंट्रोलला वापरू नका. एकाच मापात त्याचा केव्ही ग्लोबच्या कित्येक पट असतो, म्हणजे वर जो रोग सांगितला त्याचीच मोठी मात्रा. मोठ्या हेडरवर (मुख्य पाइपावर) बटरफ्लाय चालतो. तो साठ अंशांपुढे उघडूनही पाणी फारसं वाढत नाही, हे धरून त्याचं माप काढा.

टू-वे (नुसतं पाणी कमी-जास्त करणारा) की थ्री-वे (उरलेलं पाणी बायपासने वळवणारा), हा प्रश्न आता नव्या कामात उरलेला नाही. टू-वे घ्या, पंपाला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आला की वीज जवळपास निम्म्यावर येते, आणि इथे वर्षातले कित्येक महिने आपण अर्ध्या लोडवरच असतो. दोन अटी आहेत. चिलरला लागणारं किमान पाणी जाईल असा बायपास ठेवा, आणि दाबाचा सेन्सर पंपाजवळ न लावता लांबच्या टोकाच्या फांदीवर लावा. पंपाजवळ लावला तर व्हीएफडी नावापुरताच.

जुन्या हॉटेलात थ्री-वे असतात. बदलताना बाणाकडे आणि पोर्टच्या अक्षरांकडे बघा. मिक्सिंगसाठी (दोन वाटांचं पाणी एकत्र करायला) बनवलेला ग्लोब उलटा जोडून डायव्हर्टिंगला (एका वाटेचं दोन वाटांना सोडायला) वापरला की मिटता मिटता पाण्याच्या ओढीने प्लग सीटवर आपटतो. रात्री पाहुण्यांना भिंतीत कुणी हातोडी मारतंय असं वाटतं. बायपासच्या पायात बॅलन्सिंग व्हॉल्व्हही हवाच, नाहीतर सगळं पाणी सोप्या वाटेने पळतं.

उतारावरची कॉटेजेस आणि पीआयसीव्ही

आपल्याकडचे रिसॉर्ट सपाटीवर क्वचित असतात. वर सड्यावर चिलर, खाली समुद्राकडे उतरत गेलेली कॉटेजेस. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. उंचीचा दाब, म्हणजे १० मीटरला साधारण १ बार, हा बंद सर्किटमध्ये पंपाला उचलावा लागत नाही आणि व्हॉल्व्ह मिटवताना मोटरलाही आड येत नाही, कारण तो दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. पण व्हॉल्व्हच्या अंगाला तो सोसावा लागतो. ४० मीटर उतार असेल तर खालच्या कॉटेजमध्ये पंप बंद असतानाही ४ बार आहेतच, वर भरणीचा आणि पंपाचा दाब. पीएन १६ (१६ बार सोसणाऱ्या) अंगाचा व्हॉल्व्ह पुरतो. बाथरूमच्या दुकानातला "पाण्याचा व्हॉल्व्ह" नको.

खरी अडचण अंतराची. चिलरजवळच्या कॉटेजला दाब भरपूर, टोकाच्याला नावाला. चार कॉटेज मिटली की बाकीच्यांचं पाणी वाढतं. अशा ठिकाणी मी पीआयसीव्हीला (प्रेशर इंडिपेंडंट कंट्रोल व्हॉल्व्हला) पैसे घालायला सांगतो. त्याच्या आतच दाब सांभाळणारा भाग असतो, बाहेर दाब किती का हलेना, कंट्रोलच्या भागावर तो तेवढाच राहतो. केव्ही काढायचा नाही, ऑथॉरिटीचा हिशोब नाही. प्रवाह ठरवायचा, डायल फिरवायची. वेगळा बॅलन्सिंग व्हॉल्व्हही नको. काही लोक तरी लावतात, तो नुसता खर्च. पण तो चालायला किमान दाब लागतो, मॉडेलप्रमाणे १५ ते ३० किलोपास्कलच्या आसपास, आणि टोकाच्या कॉटेजला तेवढा मिळतोय का हे बघायचं काम कुणी तुमच्यासाठी करत नाही. दोन्ही बाजूंना दाब मोजायचे टेस्ट पॉइंट असलेलाच मागवा. आणि तो घाणीला फार नाजूक असतो, त्याबद्दल पुढे.

दहा-बारा खोल्यांचं आटोपशीर हॉटेल असेल, सगळं एका मजल्यावर, तर पीआयसीव्हीचा हट्ट धरू नका. बरोबर केव्हीएसचे साधे व्हॉल्व्ह तेच काम करतात.

मोटर मिटवू शकेल का?

सगळे व्हॉल्व्ह मिटत आले की पंपाचा जवळपास पूर्ण शट-ऑफ हेड (पाणी वाहत नसताना पंप देतो तो दाब) शेवटच्या व्हॉल्व्हवर येतो. तेव्हा अ‍ॅक्च्युएटरने (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या मोटरने) त्याच्याविरुद्ध प्लग दाबून धरायचा असतो. ग्लोबसाठी हिशोब सोपा आहे: सीटच्या दर चौरस सेंटीमीटरला, दर बारला १० न्यूटन. शट-ऑफ हेड ३० मीटर, म्हणजे ३ बार धरा. दोन इंची सीटचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर, जोर लागतो ५९० न्यूटन. एक इंचीला ४.९ चौरस सेंटीमीटर, १५० न्यूटनच्या आत भागतं. माप बरोबर घेतलं की मोटरही छोटी आणि स्वस्त. पैसे वाचवले असं मालकाला वाटत असेल तर या बाबतीत त्याचं खरंच आहे. जोर कमी पडला तर व्हॉल्व्ह मिटल्यासारखा दिसतो, आतून झिरपतो, आणि रिकाम्या खोलीची कॉइल रात्रभर घाम गाळते.

आता खारा वारा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या टेरेसवर आयपी ५४ ची (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) प्लास्टिकची पेटी दोन पावसाळ्यांत काय होते ते मी उघडून बघितलेलं आहे: टर्मिनलवर हिरवी बुरी, पट्टीचे स्क्रू लाल, आणि आत हमखास मुंग्या, क्वचित पाल. उघड्यावर आयपी ६५ किंवा वरचं घ्या आणि शिवाय पत्र्याची टोपी घाला. वायरची ग्लँड खालच्या बाजूला, वायरला आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत उतरत नाही. बाहेरचे नट-बोल्ट, स्टेम, लिंकेज ३१६ स्टेनलेसचे मागा. ३०४ किनाऱ्यावर तांबूस डाग धरतं.

घामाचं गणित वेगळं. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २८ अंशांच्या आसपास येतो. आत ७ अंशांचं पाणी असलेला व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर त्याच्यावर अखंड पाणी ठिबकणारच. व्हॉल्व्हचं अंग नायट्राइल रबरने मानेपर्यंत पूर्ण झाका, अ‍ॅक्च्युएटर मात्र झाकू नका. मान लांब करणारा स्टेम एक्स्टेंशन मिळतो, चिल्ड वॉटरला तो घ्याच, नाहीतर इन्सुलेशन आणि मोटर एकमेकांच्या जागेत घुसतात. मोटर उभी किंवा फार तर आडवी बसवा. पाइपाखाली लोंबकळत ठेवली तर ठिबकणारं सगळं पाणी तिच्या पोटात.

लाइट गेल्यावर काय, हे इथे विचारायलाच हवं. चिल्ड वॉटरला "आहे तिथे थांब" जातीची साधी मोटर चालते. जनरेटर येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात काही बिघडत नाही, नाहीतरी तिला पूर्ण फिरायला दीड-दोन मिनिटं लागतात. गरम पाण्याला मात्र स्प्रिंग-रिटर्न, लाइट गेली की मिटणारी. आणि प्रत्येक मोटरला हाताने फिरवायची सोय हवी. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या बाजूला दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा ही सोय चैनीची नाही हे सगळ्यांना कळलं. तळघरात प्लांट रूम असेल तर मोटरी, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर जमिनीपासून शक्य तितके वर न्या. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं ते तिथल्या भिंतीच सांगतील.

गरम पाण्याची बाजू

कोकणात खोली तापवायला कुणी पाणी फिरवत नाही. गरम पाणी लागतं ते हॉटेलच्या न्हाणीघरांना, इस्पितळाच्या रीहीटला, आणि आंब्याच्या कारखान्यात जिथे रस थेट वाफेऐवजी गरम पाण्याच्या हीट एक्स्चेंजरवर तापवतात तिथे. केव्ही आणि ऑथॉरिटीचा हिशोब तोच.

फरक कॅव्हिटेशनचा. ७ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब नगण्य, ०.०१ बार. ९५ अंशांना तो ०.८५ बारपर्यंत चढतो. व्हॉल्व्हच्या अरुंद जागेत दाब क्षणभर त्याच्या खाली गेला की बुडबुडे होतात, पुढे फुटतात आणि सीट चावून खातात. आवाज येतो लाइनमधून खडी वाहिल्यासारखा. ढोबळ नियम असा: व्हॉल्व्हच्या आधीचा निरपेक्ष दाब घ्या, त्यातून बाष्पदाब वजा करा, उरेल त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाब व्हॉल्व्हवर टाकू नका. गेजवर दीड किलो, म्हणजे निरपेक्ष अडीच, वजा ०.८५, उरले १.६५, म्हणजे व्हॉल्व्हला ०.८ च्या आत. म्हणून गरम सर्किटमध्ये व्हॉल्व्ह परतीच्या लाइनवर, थंड बाजूला बसवलेला बरा. रबर ईपीडीएम मागा, आणि फिटरच्या हातातला ग्रीसचा डबा काढून घ्या. खनिज तेल लागलं की ईपीडीएम फुगतं आणि स्टेम जाम.

आत कुठलं पाणी भरताय?

जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ पण किंचित आम्लधर्मी असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि नेमकं तेव्हाच, सीझनच्या घाईत, सिस्टिम भरली जाते. भरण्याआधी पीएच आणि क्लोराइड तपासून घ्या. क्लोराइड जास्त असेल तर साध्या पितळेतलं जस्त निघून जातं, अंग लालसर आणि सच्छिद्र होतं, आणि एक दिवस स्पॅनर लावताच तुटतं. डीझेडआर (जस्त न सोडणारं) पितळ किंवा ब्राँझ मागा. किमतीतला फरक फारसा नाही, पण ऑर्डरवर लिहिलं नाही तर येत नाही.

प्रत्येक कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी वाय-स्ट्रेनर, जाळी एक मिलिमीटरपेक्षा बारीक. नव्या एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपमधून वेल्डिंगचे मणी, खपल्या, कधी विडीचं थोटूकसुद्धा निघतं. फ्लशिंग होईपर्यंत व्हॉल्व्हच्या जागी पाइपचा तुकडा लावा आणि कॉइल बायपास करा. पीआयसीव्ही असतील तर यात सूट नाही. आडव्या लाइनवर रिड्यूसर एक्सेंट्रिक घ्या, सपाट बाजू वर, म्हणजे तिथे हवा अडकत नाही.

ऑर्डरवर काय लिहायचं

"मोटराइज्ड व्हॉल्व्ह २ इंच, १ नग" असं लिहिलंत तर तेच येईल. वरच्या एएचयूसाठी मी असं लिहितो: चिल्ड वॉटर ७ अंश, प्रवाह तासाला ५.५ घनमीटर, टू-वे, इक्वल पर्सेंटेज, केव्हीएस १०, एक इंची, पीएन १६, अंग डीझेडआर पितळ किंवा ब्राँझ, स्टेम ३१६, क्लोज-ऑफ किमान ३ बार, अ‍ॅक्च्युएटर २४ व्होल्ट एसी, सिग्नल ०–१० व्होल्ट, पोझिशन फीडबॅकसह, हाताने फिरवायची सोय, आयपी ६५, स्टेम एक्स्टेंशनसह. केव्हीएसचा आकडा ठळक करा आणि खाली लिहा, "मोठा पाठवल्यास परत." बदली म्हणून १६ चा माथी मारायचा प्रयत्न होतोच. सिग्नल ०–१० की २–१० हेही कंट्रोलरशी जुळवून बघा. न जुळल्यास व्हॉल्व्ह तळाशी जरा उशिराने जागा होतो आणि कारण शोधण्यात अख्खा दिवस जातो.

बसवल्यावर

आधी कंट्रोलरवरून ० द्या आणि मोटर पूर्ण मिटेपर्यंत थांबा. कॉइलनंतरच्या पाइपला हात लावा. दहा-पंधरा मिनिटांनी तो हवेइतका झाला नाही तर कुठेतरी झिरपतंय. सिग्नल वाढवल्यावर व्हॉल्व्ह मिटत असेल तर मोटरमधला दिशेचा स्विच उलटा आहे, वायर बदलू नका. मग १०० द्या आणि टेस्ट पॉइंटवर दाब मोजून प्रवाह काढा. मग ५० द्या आणि परतीच्या पाण्याचं तापमान बघा. व्हॉल्व्ह बरोबर असेल तर ते स्पष्टपणे चढलेलं दिसतं. १०० आणि ५० ला जवळपास सारखंच राहिलं तर माप चुकलंय, कंट्रोलरच्या सेटिंगशी खेळत बसू नका.

शेवटी अर्धा तास ट्रेंड (आलेख) लावून ठेवा. रेषा हलली तरी मिटत आली पाहिजे. करवतीसारखी चालत राहिली तर कंट्रोलरचा प्रोपोर्शनल बँड रुंद करा, इंटिग्रलचा वेळ वाढवा, म्हणजे तो घाई करणार नाही. सगळं जमलं की केव्हीएस, डायलचा आकडा, सिग्नल आणि तारीख मार्करने अ‍ॅक्च्युएटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. बाहेर चिकटवलेलं लेबल एका पावसाळ्यानंतर वाचता येत नाही.